कोंबडा का आरवतो?

गोऱ्हा खच्ची केला की तो वळूसारखा मस्तवाल होत नाही, शांतपणे औताला चालतो. खच्ची केलेला कोंबडाही फारसा आरवत नाही, भांडत नाही. त्याचा तुरा लहानच राहतो. माणसाला हे फार पूर्वीपासून माहीत होते. पण कोंबड्याची वृषणे असतात पोटात आणि आरवतो तो गळ्यातून. मग पोटातला निरोप तिथवर पोचतो कसा? साहजिक वाटणारे उत्तर होते : मज्जातंतूंमार्फत.

जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टोल्ड यांनी १८४८ साली सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. दोघांची दोन्ही वृषणे काढून टाकली. आणखी दोघांचे एक वृषण काढले आणि दुसरे मूळ जागेवरून सोडवून पोटातच राहू दिले. उरलेल्या दोघांचीही दोन्ही वृषणे काढली, पण एकाचे एक वृषण दुसऱ्याच्या पोटात ठेवले.

पहिले दोघे मवाळ झाले. बाकीचे चौघे मात्र जोरात आरवू लागले, भांडू लागले, माद्यांच्या मागे धावू लागले. त्यांचे तुरेही वाढले. नंतर चिरफाड करून पाहिले, तर हलवलेली वृषणे आतड्यांपाशी रुजली होती. त्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. तुटलेले मज्जातंतू मात्र जुळलेले नव्हते! म्हणजे वृषणांचा परिणाम रक्तावर होतो आणि रक्तामार्फत साऱ्या शरीरावर, असे बर्टोल्ड यांनी १८४९ साली लिहिले.

पण रूडॉल्फ वाग्नर या त्यांच्या सहकाऱ्याला हा प्रयोग साधला नाही, आणि ही कल्पना अनेक दशके मागे पडली. ‘हॉर्मोन’ म्हणजे संप्रेरक हा शब्द स्टार्लिंग यांनी वापरला तो १९०५ साली. वृषणांतले टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात हाती आले १९३५ साली.

तर मग शरीर हुकूम सोडते आणि वर्तन तो पाळते, असे म्हणायचे का? अमेरिकेत डॅनियल लेरमन यांनी पाळीव होल्यांवर केलेले प्रयोग वेगळेच सांगतात. काचेपलीकडे नर दिसला, तरी मादीची अंडी देण्याची तयारी सुरू होते. एरिकसन आणि लेरमन यांनी १९६४ साली दाखवले, की खच्ची केलेल्या, प्रियाराधन न करणाऱ्या नराच्या सहवासात ही तयारी कमी होते. म्हणजे नराच्या संप्रेरकांनी त्याचे वर्तन घडते आणि त्या वर्तनाने मादीची संप्रेरके हलतात.

आपण वर्गात संप्रेरके एका धड्यात आणि प्राण्यांचे वर्तन दुसऱ्याच धड्यात शिकवतो. ‘कोंबडा का आरवतो?’ हा साधा प्रश्न विचारला, तर दोन्ही धडे एकत्र उघडावे लागतील.