पेराड : एका वडीची वाटचाल

गोमंतकीय ख्रिस्ती घरांतील नाताळच्या फराळात एक तांबूस वडी हमखास असते. तिला पेराड म्हणतात. पेरूचा गर आणि साखर यांपलीकडे तिच्यात फारसे काही नाही. परंतु तिच्यामागे चार खंडांचा इतिहास उभा आहे.

मूळ पदार्थ पोर्तुगालचा. तेथे 'मार्मेलो' हे तुरट, कच्चे न खाववणारे फळ साखरेत आटवून 'मार्मेलादा' करीत. 'मार्मलेड' हा शब्द त्यातूनच आला. ब्राझीलमध्ये मार्मेलोच्या जागी पेरू आला आणि 'गोयाबादा' सिद्ध झाली. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर त्यांच्या गलबतांतून अमेरिकेची फळे आपल्याकडे आली. आपला 'पेरू' हा शब्दही पोर्तुगीज 'पेरा', म्हणजे नासपती, यावरून आला असे मानतात. ज्या सीताफळासाठी बीड जिल्ह्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही मूळचे अमेरिकेचेच.

साखरेचा प्रवास मात्र उलट दिशेचा. आपली 'शर्करा' इराण आणि अरबस्तानातून युरोपात गेली व पोर्तुगीजांच्या तोंडी 'असूकार' झाली. पंधराव्या शतकात मदैरा बेटावर आणि सोळाव्या शतकात ब्राझीलमध्ये उसाचे मळे उभे राहिले. ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर वाढले. येथे ख्रिस्तसभेलाही मान खाली घालावी लागते. 1452 साली पोप पाचवे निकोलस यांच्या आज्ञापत्राने पोर्तुगीज राजाला अख्रिस्ती लोकांना दास करण्याची मुभा दिली होती. अशा पत्रांवर आधारलेला 'शोधाचा सिद्धांत' व्हॅटिकनने स्पष्ट शब्दांत नाकारला तो 30 मार्च 2023 रोजी.

हा इतिहास बीडच्या वाचकाला दूरचा वाटू नये. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येथील गावे ओस पडतात. नवरा-बायकोचा एक 'कोयता' धरून उचल दिली जाते आणि ती फेडण्यासाठी जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात फडांवर राबतात. 2019 साली शासनाच्या समितीने जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. साखर गोड असते. तिचा हिशेब नेहमीच गोड नसतो.

मराठवाड्यात श्रद्धा गोव्याच्या वाटेने आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस दी सेल्स यांच्या संघाचे मिशनरी येथे आले. औरंगाबाद धर्मप्रांत 1977 साली स्थापन झाला. म्हणून येथील नाताळात करंजी आणि शंकरपाळी असतात, आणि त्यात उणे काहीच नाही. पेराडनेही देशोदेशी फळ बदलले. नाव आणि रीत तेवढी जुळवून घेतली. संस्कृतीकरणाची याहून सोपी शिकवण कोणती?

तरीही ज्यांना पेराड करावीशी वाटेल त्यांना ती अवघड नाही. हिवाळ्यात पेरू मुबलक असतात. पिकलेले पेरू फोडी करून थोड्या पाण्यात शिजवावेत व चाळणीवर घोटून बिया काढाव्यात. जितका गर तितकी साखर घेऊन, एका लिंबाचा रस पिळून, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत हलवावे. मिश्रण उडून हात भाजतो, म्हणून उलथने लांब दांड्याचे असावे. गोळा कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात थापावा आणि निवल्यावर वड्या कापाव्यात. सीताफळाला मात्र ही रीत चालत नाही. त्याचा गर तापला की कडवट होतो.

ही वडी कोरड्या डब्यात अनेक आठवडे टिकते. म्हणून जी माणसे नाताळला गावी नसतात, त्यांच्यासाठी एक डबा बाजूला काढावा आणि फडाकडे जाणाऱ्या कोणाच्या हाती द्यावा. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर निदान एकदा तरी त्यांच्या लेकरांच्या हातावर पडावी.