इटाव्याचा प्रयोग आणि डॉलरचा वाटा

स्वातंत्र्योत्तर ग्रामविकासाच्या इतिहासात परकीय साहाय्याविषयी दोन टोकांची मते आढळतात. सामूहिक विकास योजना ही अमेरिकेची देणगी होय, हे एक मत; ती सर्वस्वी गांधीप्रणीत रचनात्मक कार्यातून उपजली, हे दुसरे. जमाखर्चाचे आकडे पाहिले असता दोन्ही मते अपुरी ठरतात.

योजनेचा पाया १९४८ साली संयुक्त प्रांतातील इटावा जिल्ह्यात घातला गेला. महायुद्धकाळी अमेरिकन सैन्यात अभियंता म्हणून भारतात आलेला ॲल्बर्ट मेयर (पुढे चंदीगडचा पहिला आराखडा ज्याने केला तोच) हा या प्रयोगाचा प्रवर्तक होता. महेवा हे केंद्र आणि भोवतालची ६४ गावे, एवढेच त्याचे क्षेत्र. मेयर परकीय असला, तरी पैसा मुख्यतः प्रांतिक सरकारचा होता. सुधारित गव्हाचे बियाणे, हिरवळीचे खत, गुरांना लस अशी साधी कामे चार-पाच गावांमागे एक कार्यकर्ता या प्रमाणात हाती घेण्यात आली. मेयरचा सारा भर या कार्यकर्त्यावर होता. त्याने साहेबाप्रमाणे हुकूम न सोडता शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहावे, आणि वरिष्ठांनीही त्याचे ऐकून घ्यावे, अशी त्याची अपेक्षा होती. पुढे 'ग्रामसेवक' म्हणून जो ओळखला गेला, त्याचे हे मूळ रूप.

५ जानेवारी १९५२ रोजी भारत व अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ५५ प्रकल्पांचा आरंभ झाला. फोर्ड प्रतिष्ठानाने प्रायोगिक प्रकल्पांसाठी व ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणासाठी दिलेली अनुदाने याखेरीज होती. एका प्रकल्पात सुमारे ३०० गावे आणि दोन लक्ष लोकवस्ती. तीन वर्षांचा अंदाजी खर्च ६५ लक्ष रुपये, आणि त्यांपैकी डॉलरमधील खर्च सुमारे साडेसहा लक्ष रुपयांचा. म्हणजे दरडोई साडेबत्तीस रुपयांत परकीय चलनाचा भाग जेमतेम सव्वातीन रुपये. मात्र आकड्याने लहान असलेल्या या अनुदानाचा परिणाम लहान नव्हता. त्यातून जीपगाड्या व यंत्रसामग्री आली, आणि त्यांबरोबर घाईही आली. ६४ गावांत सावकाश मुरलेली पद्धत एकदम हजारो गावांवर पसरली. माझ्या मते योजनेचे खरे वैगुण्य परावलंबनात नसून या वेगात आहे.

हे वैगुण्य झाकून राहिले नाही, याचे श्रेय काही अंशी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. द. गो. कर्वे यांना द्यावे लागेल. नियोजन मंडळाने १९५२ साली स्थापिलेल्या मूल्यमापन संघटनेचे ते पहिले संचालक. कार्यक्रम राबविणाऱ्या खात्यापासून ही संघटना अलग ठेवलेली होती. ग्रामसेवकाच्या मुक्कामाच्या गावाला लाभ अधिक, दूरच्यास कमी. मोठ्या शेतकऱ्यास अधिक, लहान शेतकऱ्यास व भूमिहीनास कमी, ही विषमता संघटनेच्या १९५७ च्या अहवालात स्पष्टपणे नोंदली गेली. श्रमदानाविषयी श्यामाचरण दुबे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात याहून बोचरे निरीक्षण केले : घाम गाळला तो गरिबाने, पुढारीपण मिळाले ते प्रतिष्ठितांना. नव्या रस्त्यावरून ज्याची बैलगाडी जाणार होती, त्याच्या घरचा माणूस बहुधा देखरेखीला असे.

बळवंतराय मेहता समितीने नोव्हेंबर १९५७ मध्ये लोकांचा पुढाकार जागविण्यातील अपयश मान्य केले व निर्वाचित संस्थांचा उपाय सुचविला. समितीचा कल पंचायत समितीकडे होता. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार झालेल्या महाराष्ट्राच्या १९६१ च्या कायद्याने मुख्य भार जिल्हा परिषदेवर टाकला. या रचनेत बागाईतदारास आवाज मिळाला, हे निर्विवाद. फुकट राबलेल्या मजुराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. मातीकामाची मजुरी मागण्याचा कायदेशीर हक्क त्याला १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मिळाला. आणि त्या योजनेसाठी राज्याने १९७५ पासून आपल्याच नोकरदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला होता.