खताच्या पैशावर अँडीज चढलेली रेल्वे

पेरू बघायला निघालेल्या माणसाची पहिली निराशा नकाशावरच होते. समुद्रकाठी लिमा आहे, डोंगरात इंकांची राजधानी कुस्को आहे, देशात रेल्वे आहे आणि तीही जगातल्या सर्वांत उंच मार्गांपैकी. पण लिमाहून कुस्कोला नेणारी गाडी मात्र नाही. विमान पकडायचं, नाहीतर एक अख्खी रात्र आणि वर बराचसा दिवस बसमध्ये काढायचा. पुढेही तीच गत. दक्षिणेकडून, तितिकाका सरोवराकाठच्या पुनो गावाहून रेल्वेने कुस्कोला आलात तर वांचाक स्थानकावर उतरता. माचू पिच्चूची जुनी गाडी सुटते सॅन पेद्रो स्थानकातून, गावाच्या दुसऱ्या अंगाला. रूळ एकमेकांना जोडता येत नाहीत, कारण एक मार्ग १,४३५ मिलिमीटर रुंदीचा आणि दुसरा ९१४ मिलिमीटरचा.

हे रूळ टाकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पर्यटक नव्हताच. होती चांदी, तांबं, लोकर, कॉफी आणि कोकाची पानं. आणि सुरुवातीचा पैसा आला तो पक्ष्यांच्या विष्ठेतून.

पेरूच्या किनाऱ्यालगत चिंचा नावाची बेटं आहेत. पाऊस जवळजवळ नाही, समुद्रात मासे मुबलक. त्यामुळे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकं थर साचून डोंगर झाले होते. याला म्हणतात ग्वानो. १८४० नंतर युरोपातल्या शेतकऱ्यांना या खताचं वेड लागलं आणि पेरूच्या तिजोरीत अचानक पैसा येऊ लागला. १८६९ मध्ये सरकारने पॅरिसच्या ड्रेफस पेढीशी ग्वानोचा मोठा करार केला, त्या भरवशावर कर्जं उचलली आणि ती रेल्वेत ओतली. संपणाऱ्या खतातून न संपणारं काहीतरी उभं करावं, हा विचार मला आजही वेडगळ वाटत नाही. वेडगळ होता तो वेग.

या कामाला दोन माणसं लाभली आणि दोघंही आपापल्या मुलखातून परागंदा झालेली. एर्नेस्ट मालिनोव्स्की हा पोलिश. १८३०च्या उठावानंतर घराणं देशोधडीला लागलं, फ्रान्समध्ये अभियांत्रिकी शिकला आणि १८५२ मध्ये पेरूत आला. अँडीज ओलांडणाऱ्या रेल्वेची कल्पना त्याने १८५९ मध्येच मांडली होती. दुसरा हेन्री मेग्ज, अमेरिकन कंत्राटदार. सॅन फ्रान्सिस्कोत कर्जं आणि बनावट कागद यांत गळ्यापर्यंत बुडाल्यावर १८५४ मध्ये तो रातोरात जहाजाने पसार झाला, चिलीत पोचला आणि तिथे सान्तियागो ते वाल्पराइसो रेल्वे पुरी करून चक्क नामवंत झाला. मेग्जपाशी मंत्र्यांना गटवण्याची कला होती, मालिनोव्स्कीपाशी आखणी. १८७०च्या जानेवारीत काम सुरू झालं.

कायाओ बंदरापासून रूळ निघतात ते समुद्रसपाटीवरून, आणि जेमतेम १७० किलोमीटरांत गालेरा बोगद्यात ४,७८१ मीटरवर पोचतात. सगळी चढण रिमाक नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यातून. दातेरी रूळ नाहीत, दोरखंड नाहीत, साध्या रुळांवर साधं इंजिन. खोरं इतकं अरुंद की कित्येक ठिकाणी गाडीला वळवून माघारी आणायलाही जागा नाही. तिथे मालिनोव्स्कीने वळणाचा नाद सोडला आणि गाडी उलटी चालवली. गाडी पुढे जाते, रूळ संपतात तिथे थांबते, सांधेवाला सांधा बदलतो, आणि मग तीच गाडी पाठमोरी, त्याच उतारावरच्या वरच्या रुळावर चढू लागते. पुढच्या टोकाला पुन्हा तेच. शेपटाकडच्या रुळाची लांबी जेवढी, तेवढीच गाडी चढणार. एक डबा जास्त झाला की संपलं. म्हणून या मार्गावरच्या गाड्यांची लांबी आजही डोंगराच्या मापाने ठरते.

मराठी वाचकाला ही युक्ती परकी नाही. जेम्स बर्कलीने आखलेला बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, तेव्हा त्यात खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं, थळघाटातही होतं. तिथे इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत. आपल्याकडे नवे बोगदे खोदून ती कटकट विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत संपवली. पेरूत ती राहिली, कारण तिथे एक उलटफेर टाळायचा तर किती बोगदे खणावे लागतील याचा हिशेब करायलाही कोणी धजावलं नाही.

डोंगराने किंमतही वसूल केली. वेरुगास नावाच्या घळीत पूल बांधताना मजूर तापाने फणफणून मरू लागले. पेरूतले, चिलीतले आणि कराराने बांधून आणलेले चिनी, असे हजारो गेले. या तापाला ओरोयाचा ताप म्हणत. त्याच खोऱ्यात अंगावर रक्ताळ चामखीळ येणारा दुसरा एक रोग होता, तो जीव घेत नसे. दोन्ही एकच आहेत का, हा प्रश्न डॉक्टरांना सुटेना. १८८५च्या ऑगस्टमध्ये दानिएल आल्सिदेस कार्रिओन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने रुग्णाच्या चामखिळीतलं रक्त स्वतःच्या दंडात टोचून घेतलं. त्याला ताप आला तो ओरोयाचा. आपली लक्षणं तो लिहून ठेवत गेला आणि ५ ऑक्टोबरला वारला. रोगाला आज त्याचं नाव आहे, आणि त्या घळीवरच्या पुलालाही.

खताचे डोंगर मात्र अपेक्षेपेक्षा लवकर झिजले. १८७६ मध्ये पेरूने परकी कर्जाचे हप्ते थांबवले, १८७७ मध्ये मेग्ज वारला, १८७९ मध्ये चिलीशी युद्ध पेटलं. रूळ अर्ध्या डोंगरात अडकले. शेवटी ग्रेस करारान्वये लंडनमध्ये नोंदवलेल्या पेरुव्हियन कॉर्पोरेशनने कर्जाच्या बदल्यात रेल्वे ६६ वर्षांसाठी ताब्यात घेतली. तिने १८९३ मध्ये मार्ग खाणींच्या ला ओरोयापर्यंत नेला, १९०८ मध्ये वान्कायोपर्यंत. तिथून पुढे अरुंद रुळांची एक गाडी वान्काव्हेलिकाला जाई. तिला लोक ‘मर्द गाडी’ म्हणत, कारण ती सुटे मनाला येईल तेव्हा आणि पोचे जमेल तेव्हा. या बाजूने कुस्कोकडे रूळ नेण्यात धनकोंना रस नव्हता. तांबं बंदरापर्यंत येत होतं, बास.

दक्षिणेची शाखा वेगळ्याच पोटासाठी निघाली. मोयेन्दो बंदरातून अरेकिपा, तिथून पुनो. माल मुख्यतः लोकरीचा, शिवाय बोलिव्हियाचा व्यापार. पुनोला रूळ पोचले १८७४ मध्ये, पण सरोवरावरची आगबोट त्याआधीच आली होती. तिचं नाव याव्हारी. १८६२ मध्ये लंडनला बांधली, सुटी करून तिच्यासोबतच्या दुसऱ्या बोटीसह एकूण २,७६६ तुकड्यांत आरिका बंदरात उतरवली आणि ते तुकडे खेचरांच्या पाठीवरून अँडीज ओलांडून ३,८०० मीटरवरच्या तितिकाकाकाठी नेले. वाटेत कंत्राटदार बदलले, तुकडे डोंगरात पडून राहिले, आणि जोडलेली बोट पाण्यात उतरली १८७०च्या नाताळात. कोळसा एवढ्या वर कोण आणणार? बॉयलरमध्ये जळायच्या लामांच्या वाळलेल्या लेंड्या. म्हणजे रेल्वे पक्ष्यांच्या विष्ठेवर उभी, आणि तिची जोडीदार बोट लामांच्या लेंड्यांवर!

ही शाखा १९०८ मध्ये कुस्कोला टेकली. याच मार्गावर आज दोन गाड्या पर्यटकांसाठी आहेत. एक दिवसभराची पुनो-कुस्को, ला राया खिंडीतून ४,३०० मीटरवरून जाणारी. दुसरी अँडियन एक्सप्लोरर, २०१७ पासूनची झोपायच्या डब्यांची आलिशान गाडी. तिचे डबे मूळचे ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट साउथ पॅसिफिक एक्सप्रेसचे. ती बंद पडली आणि डबे समुद्र ओलांडून इथे आले.

सर्वांत गर्दीचा मार्ग वयाने सर्वांत लहान आहे. हायरम बिंगहॅम १९११ मध्ये माचू पिच्चूला पोचला तेव्हा तिथे रूळ नव्हते. उरुबांबा नदीकाठची अरुंद रेल्वे निघाली ती पलीकडच्या ला कोन्व्हेन्सिओन खोऱ्यातली कॉफी आणि कोका आणायला, आणि अवशेषांच्या पायथ्याशी ती आली १९२०च्या दशकाच्या अखेरीस. आज तिथलं आग्वास काल्येन्तेस गाव हॉटेलांनी भरलंय, पण त्याची सुरुवात रेल्वेमजुरांच्या छावणीतून झाली. १९९८च्या पुराने पलीकडचे रूळ वाहून नेले आणि कॉफीचा रस्ता कायमचा तुटला. पुढच्याच वर्षी सरकारने रेल्वे खाजगी कंपन्यांना चालवायला दिली. आता या मार्गावर पेरूरेल आणि इंका रेल या दोन कंपन्या परदेशी माणसाकडून डॉलरमध्ये भाडं घेतात. स्थानिकांसाठी स्वस्त गाडी वेगळी, तिच्यात परदेशी माणसाला तिकीट नाही. ही वाटणी मला रास्त वाटते. गावाला मोटाररस्ता नाही. रूळ बंद म्हणजे भाजीही बंद.

पैसे वाचवायचे असतील तर पलीकडच्या बाजूने मोटारीने हिद्रोएलेक्ट्रिकापर्यंत जायचं आणि रुळांच्या कडेने दोन-तीन तास चालायचं. पाठीवर बोचकी घेतलेली तरणी पोरं सर्रास तेच करतात. बहुतेक पर्यटक ओयान्तायतांबोहून गाडी पकडतात, कारण ते वेळेच्या दृष्टीने सोयीचं पडतं. मालिनोव्स्कीची युक्ती मात्र त्यांना बघायला मिळत नाही. त्यासाठी सॅन पेद्रोहून सुटणारी गाडीच हुडकावी लागते. कुस्को ३,४०० मीटरवरच्या वाटीत आहे आणि बाहेर पडायचं तर आधी काठावर चढावं लागतं. गाडी घरांच्या परसांना घासत पुढे जाते, थांबते, उलटी येते, पुन्हा थांबते. वाळत घातलेले तेच कपडे तुम्हाला आधी डोक्यावर आणि मग पायांखाली दिसतात. पावसाळ्यात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल, कंपन्या या तुकड्यावर बस चालवतात. तेव्हा तिकीट काढताना स्थानकाचं नाव आणि महिना, दोन्ही नीट वाचावेत. लिमा-वान्कायो मार्ग बघायचा असेल तर अंगात सबुरीही हवी, कारण तिथे रोजचा धंदा खनिजाच्या मालगाड्यांचा, आणि प्रवाशांची गाडी वर्षाकाठी मोजक्या वेळाच सुटत आली आहे.