कसोटीपासून हमीपर्यंत

हिमायतनगर, म्हणजे जुने वाढोणा. तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा, आणि नदी ओलांडली की विदर्भ. बीड-धाराशिवच्या मानाने इथे पाऊस बरा. तरीही कोरडवाहू कुटुंबाची गरिबी पावसाच्या आकड्यांत मावत नाही. कापूस वेचून झाला, तूर खळ्यावरून घरी आली, की मृगापर्यंत शेतात फारसे काम नसते. दुष्काळ जाहीर न झालेल्या साली अशा घराने सरकारकडे काम कशाच्या आधारावर मागायचे?

१८८०च्या दुष्काळ आयोगाने ब्रिटिश हिंदुस्थानासाठी आखलेल्या पद्धतीत या प्रश्नाला जागा नव्हती. तिथे काम ही कसोटी होती. जेमतेम पोटापुरत्या मजुरीवर राबायला जो येईल, तोच खरा गरजू. आणि दुष्काळ पडला की नाही, हे सरकारनेच ठरवायचे.

१९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून झालेला प्रयोग वेगळ्या पायावर उभा होता : मागेल त्याला काम. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यासाठी आली आणि त्याच साली मोठा दुष्काळ पडला. जमीन असलेले शेतकरीही खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला गेले. सुकडी आणि मिलो हे शब्द मराठवाड्याच्या घराघरांत राहिले. लोकांच्या तोंडी मात्र नाव बसले ते ‘दुष्काळी काम’. हक्क आणि मदत यांतली रेघ तिथेच पुसट झाली.

१९७७च्या कायद्याने ती पुन्हा ठळक केली. २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. मागणीनंतर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. खर्चाचा मोठा आधार व्यवसाय कर. म्हणजे पगारदारांच्या कपातीतून खेड्यातली मजुरी. पुढे २००५चा केंद्रीय कायदा आला आणि २००६च्या पहिल्या टप्प्यात नांदेड जिल्हा होता.

हिमायतनगरसारख्या तालुक्याला या हमीचे मोल अधिक, कारण इथली टंचाई पावसाची कमी आणि कामाची जास्त. पण १५ दिवस मोजायचे तर मागणीची तारीख कागदावर हवी. ती पोच मिळाली तर हमी. नाही मिळाली तर तेच जुने दुष्काळी काम, कुणीतरी काढले तर मिळणारे.