प्रस्तावना : बंद काचेआड

दिवाळीनंतरच्या कुठल्याही दुपारी नोएडाच्या सेक्टर ६२ मधल्या एखाद्या काचेच्या इमारतीत शिरून पाहा. पश्चिमेचे ऊन थेट टेबलावर येते म्हणून पडदे खाली; पडदे खाली म्हणून भरदुपारी दिवे चालू. काचेलगत बसणाऱ्याचा खांदा तापलेला, एसीच्या झोताखाली बसणारीने शाल पांघरलेली, आणि तापमान किती ठेवायचे यावरून दोघांची रोजची धुसफुस. खिडकी उघडावी तर बाहेर धूर आणि हॉर्न. याच सेक्टरात हवेची गुणवत्ता मोजणारे केंद्र आहे. पीएम २.५ साठी चोवीस तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. या दिवसांत ती ओलांडली गेली तर त्याची कुणाला बातमीही वाटत नाही.

अशा खोलीत दिवस काढणाऱ्या माणसाला काय होते, हा या पुस्तकाचा विषय. विद्यापीठांनी तो चार खात्यांत वाटून टाकला. उष्णता वातानुकूलनवाल्यांकडे, हवा आरोग्यवाल्यांकडे, प्रकाश विद्युत अभियंत्यांकडे, आवाज ध्वनितज्ज्ञांकडे. प्रत्येकाचे मानक वेगळे, यंत्र वेगळे, परिषदासुद्धा वेगळ्या. मग चारही खात्यांनी पास केलेल्या इमारतीत लोक संध्याकाळी डोके धरून बसतात, आणि जो तो दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवतो.

ही खाती एकमेकांत मिसळतात, याचा पुरावा मात्र जुना आहे. पी. ओ. फँगर यांच्या डेन्मार्कमधल्या गटाने १९९३ मध्ये प्रयोगकक्षात माणसे बसवून एका त्रासाचे माप दुसऱ्या त्रासात काढले. २३ ते २९ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात तापमानातला एक अंशाचा फरक आणि आवाजातला ३.९ डेसिबलचा फरक लोकांना सारखाच जाचला. याच गटाने १९९८ मध्ये दाखवले की हवा थंड आणि कोरडी केली, की तीच हवा लोकांना ताजी वाटू लागते. तिच्यातली घाण तेवढीच राहिली तरी.

हा दुसरा निष्कर्ष मला नोएडासाठी फार मोलाचा वाटतो. चाळीस घनमीटरच्या बैठकीच्या खोलीत सहा जण दार लावून बसले आहेत, असे समजा. भिंतीवरचा स्प्लिट एसी आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण अठरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरची हवा आत येतच नसेल, तर पाव तासाच्या आत त्याचे प्रमाण दहा लाखांत हजार भागांच्या वर जाते. ही हजारची रेघ म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये आखली होती. इकडे एसी जोरात असल्यामुळे बैठकीतल्या कुणाची काही तक्रार नसते!

हा वायू स्वतःच बुद्धी मंदावतो का, यावर अभ्यासकांचे जमत नाही. भारतासह सहा देशांतल्या सुमारे तीनशे कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर हार्वर्डच्या गटाने केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला. पीएम २.५ आणि कार्बन डायऑक्साइड वाढले की चाचण्यांतली उत्तरे मंदावतात, असे त्यात दिसले. उलट निव्वळ हाच वायू ३००० भागांपर्यंत सोडून केलेल्या एका प्रयोगात असा परिणाम आढळला नव्हता. पेटेनकोफर यांनी त्याला कोंदटपणाची खूण मानले. तूर्त तेवढेच धरून चालावे, असे माझे मत.

आपल्याकडे काम झाले ते मुख्यतः उष्णतेवर, आणि चांगले झाले. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेतल्या शर्मा आणि अली यांनी १९८६ मध्ये भारतीय उन्हाळ्यासाठी स्वतंत्र निर्देशांक मांडला. पुढे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने दिल्ली, चेन्नई, बंगळुरू, अहमदाबाद आणि सिमला इथल्या कार्यालयांत लोकांना विचारून अनुकूलनाचे भारतीय प्रारूप तयार झाले. ते २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आले. उकाड्याची सवय असलेली माणसे परदेशी मानकांपेक्षा जास्त तापमानात निवांत असतात, हे त्यातून आकड्यांनिशी सिद्ध झाले. आवाज, धूळ आणि प्रकाश यांना असा हिशेब अजून लागायचा आहे. डेन्मार्कमधले ते ३.९ डेसिबल रात्रंदिवस हॉर्न ऐकणाऱ्या कानाला किती, हे इथेच मोजावे लागेल.

म्हणून नव्या अभ्यासकाला इथे भरपूर जागा आहे. गणिताचा बाऊ नको. वास्तुकला, मानसशास्त्र, परिचर्या, कुठूनही आलात तरी चालेल. तापमान, कार्बन डायऑक्साइड, धूळ, प्रकाश आणि आवाज यांची मोजमापे एकाच टेबलावर घ्या, आणि त्याच मिनिटाला तिथे बसलेल्या माणसाला कसे वाटते ते विचारा. दोन नोंदींत तासाचे अंतर पडले, की त्या जोडता येत नाहीत. नोएडात जानेवारीत एकदा आणि जूनमध्ये एकदा जायलाच हवे: इमारत तीच, पण एकदा धुके आणि धूर, एकदा लू आणि धूळ.

आणखी एक आग्रह. आजवरचे बहुतेक अभ्यास कार्यालयांत झाले, कारण तिथे परवानगी मिळते आणि बसायला खुर्चीही. नोएडातच तयार कपड्यांचे शेकडो कारखाने आहेत. तिथे इस्त्रीची वाफ, शिलाई यंत्रांची खडखड, हवेत उडणारी तूस आणि सुईवर रोखलेली नजर हे सगळे एकाच कामगाराच्या वाट्याला एकाच पाळीत येते. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात अशा जागी मोजणी कशी करावी, मालकाची परवानगी कशी मागावी आणि कामगाराचे नाव कुठेही का येऊ देऊ नये, हे दिले आहे. ते आधी वाचले तरी हरकत नाही.