सुरत, 1844: मेल्यावर माणूस जातो कुठं?

साल 1844. पावसाळ्यातला रविवार. तुम्ही सुरतेच्या गल्लीतून चिखल तुडवत निघाला आहात. तापी किल्ल्याला लागून गढूळ वाहते आहे. दोन नव्या घरांच्या मधेच एखादं जोतं उघडं पडलेलं दिसतं. त्यावर गवत माजलंय, तुळयांची काळी टोकं अजून भिंतीत अडकलेली आहेत. 1837च्या एप्रिलमधल्या आगीत या शहरातली नऊ हजारांहून अधिक घरं जळाली आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. त्या जखमा अजून भरलेल्या नाहीत.

तुम्ही सभेच्या खोलीत शिरता. ओल्या पागोट्यांचा वास, दाटीवाटीनं बसलेली माणसं. ही मानवधर्म सभा. गेल्याच महिन्यात, 22 जूनला ती स्थापन झाली. पुढे बसलेले पस्तिशीचे नागर ब्राह्मण म्हणजे दुर्गाराम मेहताजी, शाळामास्तर. शेजारी तिशीचे दादोबा पांडुरंग तर्खडकर, आपल्या मराठी व्याकरणाचे कर्ते, नोकरीनिमित्त इथे आलेले. दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे आणखी तिघे सोबती. पाचांचीही नावं ‘द’नं सुरू होतात, म्हणून गाव त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणतं. या सभेला कुणीही यावं, ऐकावं, विचारावं.

बोलणं भुताखेतांवर येतं. मंत्रानं भूत उतरवतो म्हणणाऱ्यांना मेहताजींचं उघड आव्हान आहे: सर्वांदेखत करून दाखवा. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या मनगटावर भुवानं, म्हणजे मांत्रिकानं, बांधलेला दोरा आहे. हळद उडालीय, गाठ मळून काळी पडलीय. तो गाठीवरून बोट फिरवत राहतो आणि एकाएकी उठून उभा राहतो.

“मेहताजी, दोरा खोटा असेल. पण आगीत माझी बायको आणि दोन पोरं गेली. ती आहेत कुठं? मी पिंड देतो, तो त्यांना पोचतो का?”

कुणी तरी पुराणाचा दाखला देतं. कुणी पुनर्जन्म मांडतं. मागून एक तरुण तावातावानं म्हणतो, परत येऊन सांगितलंय कुणी? म्हातारा खाली बसत नाही. तुम्हीही मनात उत्तर जुळवू लागता. शाळेत शिकलेलं विज्ञान, घरात ऐकलेली गीतेची प्रवचनं, रुग्णालयात पाहिलेला शेवटचा श्वास, सारं चाचपता. पावणेदोनशे वर्षांची जास्तीची माहिती गाठीशी असूनही त्या माणसाला खात्रीनं सांगावं असं एक वाक्य तुमच्याकडे नाही.

दादोबांनी आदल्याच वर्षी ‘धर्मविवेचन’ लिहून ठेवलंय. ते छापून निघायला 1868 उजाडणार आहे. ईश्वर एक, प्रेम आणि नीती हीच त्याची पूजा, मनुष्यमात्राची जात एक, विचाराचं स्वातंत्र्य प्रत्येकाचं: हा त्यातला गाभा. माणसानं कसं वागावं याचं उत्तर त्यात आहे, आणि त्यासाठी मेल्यावर काय होतं हे आधी ठरवावं लागत नाही. त्या खोलीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ऑगस्ट संपता संपता मिठाच्या करावरून हे शहर पेटून उठेल. 1846मध्ये दादोबा मुंबईला जातील, 1852मध्ये मेहताजी राजकोटला, आणि सभा थांबेल. मुंबईत 1849मध्ये दादोबांची परमहंस मंडळी उभी राहील, पण गुप्तपणे. सुरतेत भर सभेत बोललेलं तिथं दाराआड बोलावं लागेल. आणि 1878मध्ये, साठी ओलांडलेले दादोबा इंग्रजीत पुस्तक लिहितील ते स्वीडनबोर्गवर. स्वर्ग-नरक स्वतः पाहिले, मृतांशी बोललो, असं सांगणारा हा स्वीडिश माणूस.

याला दादोबांची माघार म्हणणं अन्यायाचं होईल. म्हाताऱ्याचा प्रश्न आयुष्यभर त्यांच्याही सोबत राहिला, एवढंच मला त्यात दिसतं. बुद्धीनं भुवाचा दोरा तोडता येतो, कारण त्याचा दावा इथल्या जगातला असतो, पडताळता येतो. मरणापलीकडच्या दाव्याला पडताळा नाही. तो मांडणाऱ्याला नाही, खोडणाऱ्यालाही नाही. म्हणून त्याबद्दल श्रद्धा धरायला माणूस मोकळा आहे, न धरायलाही. त्या अज्ञानाचा बाजार मांडायला मात्र कुणी मोकळा नाही. शोकात बुडालेल्या माणसाला भीती घालून पैसे उकळणारा भुवा असो की आजचा टीव्हीवरचा बाबा, त्याला चारचौघांत पुरावा मागितलाच पाहिजे.

आणि म्हाताऱ्याला? त्याला बसायला जागा द्यायची, त्याचं पुरतं ऐकून घ्यायचं, आणि “मला माहीत नाही” हे प्रामाणिकपणे सांगायचं. आस्तिकानं सांगायचं, नास्तिकानंही सांगायचं. एवढं जमलं तरच आपल्या वादाला धर्मचर्चा म्हणता येईल.