खंडेनवमीला बंद पडलेले संगणक

सुमारे 9,000 तास आधी. 21 ऑक्टोबर 2022. एफबीआय, अमेरिकेची सायबरसुरक्षा संस्था 'सिसा' आणि तिथलं आरोग्य खातं मिळून इशारा देतात: 'डायक्सिन टीम' ही टोळी रुग्णालयांच्या मागे लागली आहे. ती व्हीपीएनमधून शिरते. एका ठिकाणी न बुजवलेली त्रुटी तिला सापडली, दुसरीकडे चोरलेला पासवर्ड पुरला, कारण जुन्या सर्व्हरवर ओटीपीसारखी दुसरी पडताळणीच नव्हती. इशारा अमेरिकेचा, पण डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर यांच्यामध्ये फक्त एक नदी आहे.

मधले तास. अशा टोळीपुढे कुलूप कधी बदलायचं? याच प्रश्नावर संगणकशास्त्रज्ञ रॉन रिव्हेस्ट आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी 2012च्या सुमारास 'फ्लिपइट' नावाचा खेळ मांडला होता. मालमत्ता एक, खेळाडू दोन. ताबा कोणाकडे आहे हे चाल केल्याशिवाय कळत नाही आणि प्रत्येक चालीला पैसे पडतात. राखणदार ठरलेल्या दिवशीच कुलूप बदलतो हे चोराला कळलं, तर तो त्याच्या पाठोपाठ चाल करतो आणि पुढच्या फेरीपर्यंत निवांत राहतो. म्हणून राखणदारानं वेळ बेभरवशाची ठेवावी. रुग्णालयाला हे जड जातं. यंत्रणा मध्येच बंद करायची म्हणजे कोणाचा तरी रिपोर्ट अडतो. सबब खरी असते, म्हणूनच ती दर महिन्याला चालते.

त्यात विंडसर रीजनल, होटेल-ड्यू ग्रेस, लीमिंग्टनचं एरी शोअर्स, चॅटम-केंट आणि सार्नियाचं ब्लूवॉटर या कॅनडातल्या पाच रुग्णालय-संस्थांची संगणकसेवा 'ट्रान्सफॉर्म' या एकाच सामायिक संस्थेकडे. खर्च वाटून घेतला, तशी जोखीमही.

सुमारे सव्वादोनशे तास आधी. 23 ऑक्टोबर 2023, सोमवार. आपल्याकडे खंडेनवमी, कितीतरी कचेऱ्यांत संगणकांना हळदकुंकू लागलं असेल. विंडसरमध्ये ते बंद पडतात. पाचही ठिकाणी नोंदी आणि ईमेल ठप्प. तातडीचं नसेल तर येऊ नका, असं रुग्णांना सांगितलं जातं. कर्मचारी कागद-पेनाकडे वळतात. कर्करोगाच्या काही रुग्णांना रेडिएशनसाठी दुसऱ्या शहरात पाठवण्याची वेळ येते.

त्यानंतरचे दिवस. आता घड्याळ टोळीच्या हातात. बॅकअपमधून यंत्रणा परत उभी करता येते, पण चोरलेली माहिती परत आणता येत नाही. दुहेरी खंडणीचा, म्हणजे यंत्रणा कुलूपबंद करून वर चोरलेली माहिती उघड करण्याची धमकी देत पैसे मागण्याचा, सगळा जोर इथेच. पैसे दिले तरी प्रती पुसल्या की नाही, हे तपासणार कसं? शिवाय हा डाव एकदाच खेळला जात नाही: आज दिलेल्या पैशानं उद्याच्या रुग्णालयाचा भाव ठरतो. पाचही संस्था खंडणी द्यायला नकार देतात. माझ्या मते बरोबरच. मात्र त्या नकाराची किंमत मोजणाऱ्या रुग्णांना कोणी विचारलं नव्हतं.

शून्य तास. नोव्हेंबरची सुरुवात. माहिती टप्प्याटप्प्यानं उघड होऊ लागते. डायक्सिन टीम जबाबदारी घेते. ब्लूवॉटरमधून चोरीला गेल्या सुमारे 2 लाख 67 हजार रुग्णांच्या 56 लाख भेटींच्या नोंदी. चॅटम-केंटच्या 1,446 कर्मचाऱ्यांची माहिती गेली. विंडसर रीजनलच्या सामायिक ड्राइव्हचा काही भाग गेला.

पोलीस तपास सुरूच होता, यंत्रणा उभारणीही. पाठोपाठ रुग्णांच्या वतीनं कोट्यवधी डॉलरच्या भरपाईचा सामूहिक दावा दाखल झाला, रुग्णालयांविरुद्ध. टोळीवर दावा लावायला पत्ता लागतो.